हंस सोडत नाही

आमच्या बाई नव्या माणसाला भेटल्या की आधी त्याच्या पोटाकडे बघायच्या, मग मनगटाकडे, आणि वेळ उरला तर चेहऱ्याकडे. मग स्वतःशीच एक शब्द पुटपुटायच्या. "हंस." किंवा "पेकिन." क्वचित कधीतरी "म्यूल." समोरच्याला वाटायचं, या काहीतरी आठवतायत. आठवत वगैरे काही नसायच्या. त्या माणसाच्या यकृताचा अंदाज बांधत असायच्या.

हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तो मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या मराठी मंडळाच्या दिवाळीत. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलं होतं आणि जेवणाची रांग पार बास्केटबॉलच्या कोर्टापर्यंत गेली होती. आमच्यापुढे एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ होते. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं शर्टाच्या बटणांशी भांडत असलेलं, ताटात चार गुलाबजाम. बाई म्हणाल्या, "हंस." त्यांच्यापुढे एक काकू होत्या, सगळीकडून सारख्याच भरलेल्या. "पेकिन. काही काळजी नाही." हे काकूंनी ऐकलं आणि हसून विचारलं, पेकिन म्हणजे काय हो? दुसरं कोणी असतं तर विषय बदलला असता. बाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि सविस्तर सांगितलं की पेकिन ही बदकाची एक जात, तिला कितीही खाऊ घाला, ती चरबी यकृतात कमी आणि कातडीखाली जास्त साठवते, तेव्हा तुमचं यकृत बहुतेक ठणठणीत आहे, अभिनंदन. त्या काकू पुढची दोन वर्षं बाईंशी बोलल्या नाहीत. इतकी चांगली बातमी देऊनही त्या का रुसल्या, हे बाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाई विद्यापीठात सायंटिस्ट होत्या. प्रोफेसर नव्हत्या आणि त्यांना व्हायचंही नव्हतं. प्रोफेसर झालं की मीटिंगा वाढतात आणि बदकं दुरावतात, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. विषय म्हटलं तर एका ओळीचा: बदकांना आणि हंसांना भरमसाट खाऊ घातलं तर त्यांच्या यकृतात जी चरबी साठते ती सारखीच असते की वेगवेगळी? हंस म्हणजे चित्रात वीणेशेजारी उभा असतो तो नव्हे. इथे पार्किंग लॉटमध्ये गाड्या अडवून उभे असतात ना, त्यांचे पाळीव भाऊबंद. सोलापुरात आईला मी हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तिने ते दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आणि याची डिग्री देतात?"

उत्तर मात्र एका ओळीत मावत नव्हतं. लांबच्या उड्डाणाआधी यकृतात चरबी साठवायची सोय या पक्ष्यांना निसर्गानेच करून दिली आहे. माणसाने तिचा फायदा घेतला. तो त्यांना नळीने मका भरवतो आणि ते फुगलेलं यकृत आवडीने खातो. मक्यात चरबी फारशी नसते. पिठूळ दाण्याची चरबी यकृतच करतं, भात आणि साखर खाऊन आपलंही यकृत हेच करतं. पण सगळे पक्षी सारखे नाहीत. पेकिन ती चरबी अंगभर वाटून टाकतं, मस्कोव्ही जातीचं बदक बरीचशी यकृतातच ठेवतं, आणि दोघांचा संकर म्हणजे म्यूल, त्याची तऱ्हा आणखी निराळी. हंसाचं यकृत सगळ्यांत मोठं. तापवलं की बदकाच्या यकृतातून तूप सुटावं तशी चरबी वाहू लागते, हंसाचं यकृत मात्र ती बरीचशी धरून ठेवतं. "हंस सोडत नाही," बाई म्हणायच्या, आणि त्यांच्या तोंडून हे शेजाऱ्याच्या स्वभावाबद्दल सांगितल्यासारखं वाटायचं.

या वाक्यावर त्यांचा आणखी एक मजला बांधलेला होता. भरवणं थांबवलं की बदकाचं यकृत काही आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. हंसाचं होत नाही, निदान इतक्यात होत नाही, असा बाईंचा दावा होता. वीस वर्षं त्या हे म्हणत होत्या आणि वीस वर्षं लोक म्हणत होते, दाखवा. मी त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि हे दाखवण्यासाठी शेवटची ग्रँट नुकतीच हाती आली होती.

त्यांना हाक काय मारायची हा माझा पहिला महिना खाऊन टाकणारा प्रश्न होता. लॅबमधली गोरी मुलं त्यांना सरळ नावाने हाक मारायची. माझी जीभ वळेना. मी घाबरत घाबरत "मावशी" म्हणून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी काऊन तुझी मावशी? तुझ्या आईला मी ओळखतसुद्धा नाही. बाई म्हण." त्या नागपूरच्या. चाळीस वर्षं मिशिगनमध्ये काढूनही त्यांचं नागपूर तसूभर झिजलं नव्हतं. मीटिंगमध्ये फाडफाड इंग्रजी बोलायच्या आणि मशीन अडलं की त्याला म्हणायच्या, "काय करून राहिला बाप्पा तू?"

त्या गाडी चालवत नसत. कडाक्याच्या थंडीत सॅम्पलचा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसने यायच्या. ड्रायव्हरने एकदा विचारलं, लंच का? बाई म्हणाल्या, नाही, यकृतं. त्यानंतर त्यांच्या शेजारची सीट कायम रिकामी असायची आणि त्यांना त्याचं कौतुक वाटायचं, इथले लोक वयाचा किती मान राखतात म्हणून.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले तो दिवस मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी मी उपाशी राहिले. घर लहानसं, नीटनेटकं. दारासमोर बुद्धाची मूर्ती, शेजारी त्यांच्या वडिलांचा फोटो: काटकुळा माणूस, अंगापेक्षा मोठा कोट. टेबलावर भाकरी, वांग्याची भाजी, झणझणीत रस्सा. बाईंनी एकदा वाढलं आणि विचारलं, "आणखी?" मी सोलापूरची. पहिल्या "आणखी"ला "नको, नको" म्हणायचं हे मला कोणी शिकवलेलं नाही, ते रक्तातच आलेलं आहे. मी म्हणाले, नको. बाई उठल्या, झाकणं लावली आणि सगळं फ्रिजमध्ये ठेवून दिलं. माझ्या डोळ्यांदेखत तो रस्सा गेला. खोलीवर येऊन मी नूडल्स उकळले.

पुढे कळलं की हा त्यांचा नियमच होता. आग्रह करायचा नाही आणि करून घ्यायचा नाही. मंडळाच्या पंगतीला त्या ताटावर आडवा हात धरून बसायच्या. कोणी लाडात येऊन जिलबी टाकायला आलं तर शांतपणे म्हणायच्या, "माझ्याकडे यासाठी नळी आहे, लॅबमध्ये. दाखवू?" एकदा मी विचारलं, बाई, इतका राग का आग्रहाचा? त्या म्हणाल्या, "आग्रह हा भरल्या घरचा खेळ आहे. आमच्याकडे माझ्या आईनं कधी कोणाला आग्रह केला नाही. करायला दुसरी भाकर असावी लागते ना." मला वाटलं एवढंच कारण असेल. त्याहून मोठं कारण होतं, पण ते कळायला मला फार बेअक्कलपणा करावा लागला.

त्यांचं कसब काय होतं हे सांगायला एक गोष्ट पुरे. डिट्रॉइटमध्ये एका महागड्या हॉटेलात डिपार्टमेंटचं जेवण होतं. कोणीतरी हौसेने हंसाचं यकृत मागवलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं, तुमचाच विषय म्हणून. बाई मटण, मासे सगळं खायच्या, पण यकृताला तोंड लावत नसत. काम वेगळं, ताट वेगळं. त्यांनी काट्याने तो तुकडा दाबला, सुटलेल्या चरबीकडे पाहिलं, नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी मशीनवर लावला. हे मशीन चरबीतले निरनिराळे घटक सुटे करतं आणि कागदावर डोंगरासारखी टोकं काढून देतं, प्रत्येक घटकाचं टोक ठरलेल्या मिनिटाला. बाईंना ती टोकं ओळखीच्या माणसांसारखी दिसायची. "हे बदक आहे," त्या म्हणाल्या, "तेही म्यूल." मग ग्राफची कॉपी आणि एक नम्र पत्र त्यांनी हॉटेलला पाठवलं. हॉटेलने मेनू बदलला की नाही माहीत नाही, पण डिपार्टमेंटने पुढच्या वर्षीपासून जेवण मेक्सिकन ठिकाणी ठेवलं.

त्या मशीनबाबत त्यांचा एक नियम होता आणि मला त्याचा फार कंटाळा यायचा. प्रत्येक सॅम्पल पूर्ण वेळ चालवायचं. आमच्या पक्ष्यांची सगळी टोकं त्याआधीच येऊन जायची. शेवटची पाच मिनिटं नुसती सपाट रेघ. ती वाचवली तर दिवसात तीन-चार सॅम्पल जास्त होतात, हा हिशोब लॅबमधल्या प्रत्येक मुलाने करून पाहिला होता. बाई म्हणायच्या, "शेवटची पाच मिनिटं पाह्यची. तिथं कोणी येत नाही म्हणूनच पाह्यची."

आणि मग जानेवारीत आई आली. सहा महिन्यांचा व्हिसा, दोन सुटकेसा. एकीत तिचे कपडे आणि माझ्यासाठी स्वेटर, दुसरीत निव्वळ शेंगदाणे: दाण्याचं कूट, शेंगाची चटणी आणि डबेच्या डबे शेंगाच्या पोळ्या. बाईंना मी जेवायला बोलावलं, मनातून धास्तावूनच. एकीकडे माझी आई, जिच्या घरून पोस्टमनसुद्धा खाल्ल्याशिवाय परतलेला नाही, आणि दुसरीकडे बाई. आईने पहिली पोळी वाढली, वर तूप. बाईंनी चवीने खाल्ली. आईने दुसरी पुढे केली. बाईंनी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "नको." आई म्हणाली, "असं कसं, एकावर उठत नाहीत की आमच्याकडे," आणि त्या हाताखालून पोळी सरळ ताटात सरकवली. बाईंनी पोळीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि खाल्ली. जाताना दारात बूट चढवताना मला हळूच म्हणाल्या, "तुझी आई डेंजरस आहे."

ते किती खरं होतं हे पुढे कळलं. त्या महिन्यात आमच्या प्रयोगाचा मुख्य भाग चालू होता. पक्ष्यांना भरवणं थांबवलं होतं. गावाबाहेरच्या विद्यापीठाच्या फार्मवर एका खोलीत बदकं, एका खोलीत हंस, दोघांनाही मोजका दाणा, आणि तीन आठवड्यांनी कोणाच्या यकृतातली चरबी किती उतरली ते बघायचं. रोज सकाळी जाऊन वजनं घेणं माझं काम. आई दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी, बाहेर गुडघाभर बर्फ. तिसऱ्या दिवशी ती खिडकीत बसून रडताना मला दिसली. बाहेरच्या माणसाला फार्मवर आत न्यायला सक्त मनाई होती, तरी मी तिला गाडीत घालून नेलं. बाहेरच्या हीटरच्या खोलीत बसून राहा, आत पाऊल टाकू नकोस, असं बजावलं. नऊवारीवर माझा जाड कोट, पायात स्नीकर्स आणि त्यावर निळे प्लास्टिकचे मोजे, अशी ती रोज माझ्याबरोबर येऊ लागली. चार दिवसांत तिचा चेहरा खुलला. मला वाटलं, हवापालट मानवला.

आई मार्चमध्ये परत गेली, व्हिसा उरलेला असताना, कारण भावाच्या मुलीचं बारसं होतं आणि तिच्याशिवाय बारसं होत नाही. एप्रिलमध्ये मी सॅम्पल मशीनवर लावली. घाई होती. कॉन्फरन्सला गोषवारा पाठवायचा होता. मी प्रत्येक सॅम्पलची शेवटची पाच मिनिटं कापली. बाईंना सांगितलं नाही. आकडे आले ते असे की माझा विश्वास बसेना: बदकांची यकृतं छान उतरलेली, हंसांची जवळपास तशीच्या तशी. बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग स्वतः जाऊन दोन कप चहा घेऊन आल्या, आणि माझा संपल्यावर, न विचारता, दुसरा आणून दिला. दोन वर्षांत हे कधी घडलं नव्हतं.

त्याच रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, "हंस बरे आहेत का गं? माझ्याशिवाय खातात का नीट?"

मी विचारलं, म्हणजे काय?

तिने अगदी सहज सांगितलं. मी बदकांच्या खोलीत वजनं घेत असायचे तेव्हा ती मधल्या बोळातून हंसांकडे जायची. ते तिला बघून मोठ्याने ओरडायचे. उपाशीच होते म्हणे, डोळ्यांत दिसत होतं. मग ती रोज पदराखाली चार-पाच शेंगाच्या पोळ्या, मूठभर दाणे न्यायची. शिवाय तिथल्या पिंपातला मकाही ओंजळी भरभरून घालायची. बदकांना नाही घातलं, ती मेली पळून जायची. "तुला सांगितलं असतं तर ओरडली असतीस की," ती म्हणाली, "आणि ती मुकी जनावरं आहेत."

मी फोन ठेवला. पुढच्या दोन दिवसांत मी काय खाल्लं, कुठे गेले, काही आठवत नाही. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं. बाईंचा वीस वर्षांचा दावा खरा ठरत होता, माझी पीएचडी होत होती, आणि ते हंस तर केव्हाच गेले होते. सांगितलं तर बाईंचं सगळं जाणार, आणि परवानगी नसताना आईला आत नेलं म्हणून कदाचित माझंही. मी गप्प राहायचं जवळजवळ ठरवलं होतं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. मला तो दुसरा चहा नडला. ज्या बाईने मला न विचारता चहा दिला तिला मी खोटे आकडे कसे देऊ?

मंगळवारी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. वाटभर वाक्यं पाठ केली होती. बाईंच्या टेबलावर ग्राफ पसरलेले होते.

"बस," त्या म्हणाल्या. "आधी हे पाहून घे. गोषवाऱ्यासाठी चांगली चित्रं पाह्यजे होती, म्हणून मी हंसांची सॅम्पल पुन्हा चालवली. पूर्ण."

सपाट रेघेच्या शेवटी दोन टोकं होती. लहानशी, पण स्पष्ट. एकामागे एक.

"तुझ्या ग्राफमध्ये ही नाहीत."

"बाई, मी शेवटची पाच मिनिटं…"

"ते नंतर. हे काय आहे ते सांग." मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मका हे देत नाही. बदकांत नाही. सगळ्या हंसांत आहे. इतक्या लांब साखळीची चरबी रोजच्या खाण्यात मला एकाच ठिकाणी भेटते. शेंगदाण्यात." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आपल्या लॅबमध्ये शेंगाच्या पोळ्या कोणाच्या घरून येतात?"

मी रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगितलं: बर्फ, खिडकी, निळे मोजे, पदराखालच्या पोळ्या, मका. बाईंनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. हंस तिच्या हातातून खायचे का, एवढंच विचारलं. हो म्हणाले. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की नळीने भरवलेला पक्षी माणसाच्या हाताजवळ येत नाही, तुझ्या आईला विचार, कसं जमवलं. मग त्या हसल्या. त्या हसण्याने मला जास्तच भीती वाटली.

आणि मग त्यांनी मला वडिलांबद्दल सांगितलं. फोटोतला तो काटकुळा माणूस. गिरणीत कामाला, आयुष्यभर अर्धपोटी, दारूच्या वाटेलाही गेला नाही. बाईंना नागपुरात असतानाच पहिली फेलोशिप मिळाली तेव्हा त्यांनी ठरवलं, आता बाबांना खाऊ घालायचं. दर शनिवारी संत्रा बर्फी, जिलबी, बासमतीचा भात. ते नको म्हणायचे. बाई ताटात टाकायच्या. हातपाय काड्यांसारखेच राहिले, पोट तेवढं वाढलं. काही वर्षांनी यकृताने ते गेले. वस्तीतले लोक म्हणाले, लपून पीत असणार.

"मी पक्ष्यांकडे वळले ते यासाठी," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, काही शरीरं सोडतच नाहीत. हंसासारखी. मी भरवणं थांबवलं असतं तरी उपयोग नव्हता. हे मला कागदावर पाह्यजे होतं."

समोर तो कागद होता, आणि माझ्या आईच्या पोळीने तो फाडला होता.

गोषवारा बाईंनी त्याच दिवशी मागे घेतला. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला जायचं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं, एकही गोष्ट लपवू न देता, आणि खाली जबाबदार म्हणून आधी स्वतःची सही केली. "फार्म माझं, विद्यार्थिनी माझी," एवढंच म्हणाल्या. मला फार्मवर काही महिने बंदी झाली, आणि कापलेल्या प्रत्येक सॅम्पलची शेवटची पाच मिनिटं बाईंनी मला पुन्हा चालवायला लावली, रेघ सपाट असली तरी स्क्रीनसमोर बसून. आईबद्दल त्या एक वाकडा शब्द बोलल्या नाहीत. मी मात्र आईला फोनवर फैलावर घेतलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे त्यांचं काम माझ्यामुळं गेलं?" आणि फोन भावाकडे देऊन आत गेली.

जूनमध्ये बाई निवृत्त झाल्या आणि दक्षिणेकडे, अल्फारेटाला, भाचीकडे राहायला गेल्या. निरोपसमारंभात एका प्रोफेसरांनी केकचा मोठा तुकडा त्यांच्या बशीत टाकला. बाईंनी त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मस्कोव्ही. सांभाळा."

पुढच्या हिवाळ्यात मी तोच प्रयोग नवे पक्षी घेऊन पुन्हा केला, एका प्रोफेसरांच्या हाताखाली, कुलूप लावून. आकडे आले तेव्हा मी दोन दिवस फोनकडे बघत बसले. ते बाईंना काय सांगतील हे मला आधीच माहीत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन लावला.

"बाई, आकडे आले."

"सांग."

"हंसांचं उतरलं. बदकांइतकंच. थोडं मागेपुढे, पण उतरलं."

"शेवटची पाच मिनिटं पाह्यली?"

"सगळ्यांची. काहीच नाही तिथे."

मागे भाचीची मुलं टीव्हीवरून भांडत होती.

"म्हणजे सोडतो," शेवटी त्या म्हणाल्या.

"सोडतो, बाई. फक्त भरवणं थांबवायला लागतं."

"हो. थांबवायला लागतं." मग अगदी साध्या आवाजात, "बाबांचंही उतरलं असतं मग, वेळेवर कळतं तर."

मला रडू आलं, ते ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन कानापासून लांब धरला. मी खोटे आकडे दिले असते तर या बाई सुखाने राहिल्या असत्या, असं एक क्षण मनात येऊन गेलं. पण त्यांना ते शेंगदाण्यासारखं कुठेतरी दिसलंच असतं.

"रडू नको," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं मी हंसांवर ढकलून राहिली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी काय केलं होतं." नाक शिंकरल्याचा आवाज आला. "तुझी आई बरी आहे?"

मी म्हणाले, बरी आहे, पण अजून तुमचं नाव काढलं की गप्प होते. तुमचं काम तिने घालवलं असं तिला वाटतं.

"माझं काम नाही घालवलं. माझं खोटं घालवलं. असं सांग तिला." मग त्या म्हणाल्या, "त्या शेंगाच्या पोळ्या इकडे येतात का गं कुरिअरनं?"

"येतात की. किती पाठवायला सांगू?"

"दोन सांग. त्या आठ पाठवते म्हणतील. मी नको म्हणेन." बाईंनी पुन्हा नाक शिंकरलं. "त्यांना सांग, ऐकू नका."